घरचा कंप्युटर, आपल्या हातानं जोडलेला

मागच्या खेपेला आपण शेळ्यांच्या लसीबद्दल बोललो होतो. आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, आता ह्या बायांना काय सुचलं! पण आमच्या गटानं सुटे भाग आणून कंप्युटर जोडला, त्याला आता दीड वर्षाच्या आसपास झालं, तो रोज चालतोय. आजूबाजूच्या पाच-सहा गटांनी विचारलं, कसा केलात, काय काय आणलंत, फसला नाहीत ना? म्हणून ठरवलं की एकदा रेडिओवरूनच सांगावं.

फसलो होतो. आधी तेच सांगतो.

आमचा गट चौदा जणींचा. सातारा जिल्ह्यातला दुष्काळी भाग, वीज येते-जाते, शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातला पंखा रडायला लागतो. हिशेब लिहायला, मसाल्याची लेबलं काढायला आणि पोरांच्या अभ्यासाला एक कंप्युटर हवा, असा ठराव केला. तालुक्याच्या एका दुकानातून साडेचौदा हजाराला जुना घेतला. दुकानदार म्हणाला, "ताई, आय-फाइव्ह आहे, मोठ्या कंपनीतून निघालेला, डोळे झाकून न्या." आम्ही खरोखरच डोळे झाकले. बिल म्हणून लेटरपॅडचा एक कागद मिळाला.

सात महिने चालला. एका संध्याकाळी गेलेली लाइट परत आली, फट्‌ करून आवाज झाला, जळका वास सुटला आणि पडदा काळा. दुरुस्तीवाल्यानं उघडून दाखवलं. आतला वीज देणारा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो जळाला होता आणि जाताना मदरबोर्ड आणि हार्डडिस्क दोन्ही घेऊन गेला होता. डब्यावर चिठ्ठी ४५० वॅटची, पण हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका.

पैसे गेले ते गेले. खरं दुखणं वेगळंच. आधीचे चार महिने आम्ही वहीत लिहिणं सोडून दिलं होतं, सगळं कंप्युटरमध्ये. कुणाचा किती हप्ता आला, अंतर्गत कर्ज कुणाकडं किती, सगळं त्या डिस्कमध्ये. मीटिंगला आवाज चढले. आमच्या कोषाध्यक्ष आक्का सातवी शिकलेल्या, पण हिशेबाला पक्क्या. त्यांच्याच हौसेनं कंप्युटर आला होता, म्हणून बोल त्यांनाच. एकीनं तर तोंडावर विचारलं, "दुकानदाराकडनं काय मिळालं का तुम्हाला?" आक्का काही बोलल्या नाहीत. किल्ल्या समोर ठेवल्या आणि घरी गेल्या. चौदा जणींची पासबुकं गोळा करून, बँकेचं स्टेटमेंट आणून, आम्ही तीन आठवडे बसून हिशेब परत मांडला. तो जुळला, पण एकशे दहा रुपयांचा फरक राहिला. आक्कांनी ते आपल्या कनवटीचे भरले, तेव्हा आमच्यापैकी कुणालाच मान वर करवेना.

मग आक्काच म्हणाल्या, "परत घ्यायचा तर आत काय काय असतं ते आधी मला कळलं पाहिजे. शिलाई मशीन घेताना आपण शटल, बॉबिन, पट्टा बघतो. ह्याचं तर झाकण पण उघडलं नव्हतं." आमच्यातल्या एकीची लेक आयटीआयला कंप्युटरच्या ट्रेडला होती. तिला शिक्षिका केलं आणि दर शनिवारी जळका कंप्युटर ओट्यावर उघडून बसायचं ठरवलं. त्या मेलेल्या मशीननं आम्हाला जे शिकवलं ते चालत्यानं सात महिन्यांत शिकवलं नव्हतं.

पहिली गोष्ट कळली ती त्या "आय-फाइव्ह"ची. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. आय-थ्री, आय-फाइव्ह ही नुसती घराण्याची नावं, वय कळतं ते पुढच्या आकड्यावरून. आमच्यावर ३४७० लिहिलं होतं. पहिला तीन म्हणजे तिसरी पिढी, २०१२ सालची. १२१०० असेल तर बारावी पिढी. बारावीतला आय-थ्री त्या जुन्या आय-फाइव्हपेक्षा कितीतरी चपळ आहे. आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून कुणी स्वस्तात आय-फाइव्ह देतो म्हणाला तर आधी आकडा विचारा. सांगायला टाळाटाळ केली तर चहा पिऊन परत या.

दुसरं, रॅम आणि एसएसडी. बायका ह्यात हमखास गोंधळतात, आम्हीही गोंधळलो. एसएसडी म्हणजे धान्याची कोठी, लाइट गेली तरी आतलं तसंच राहतं. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा लहान असला की एक भांडं उचलून दुसरं ठेवावं लागतं, काम रेंगाळतं. लाइट गेली की ओटा रिकामा, म्हणून लिहिता लिहिता सेव्ह करायचं. जुन्या फिरत्या हार्डडिस्कपेक्षा एसएसडी फार वेगवान असते आणि धक्क्यानं तितकी बिघडत नाही. आम्ही ५०० जीबीची घेतली. हिशेब, लेबलं, फोटो, पोरांचे धडे, सगळं मावून अजून निम्मी रिकामी आहे. रॅम आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या. एकाच मोठ्या पट्टीपेक्षा दोन असल्या की पडद्याचं काम हलकं होतं, कारण आमच्या मशीनला वेगळं ग्राफिक कार्ड नाही. आमच्यातल्या एकीचा भाचा म्हणत होता, गेमिंगचं कार्ड घ्याच. त्याला म्हटलं, बाबा, तुझ्या लग्नात घेऊ.

तिसरं, जुळणी. मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी. प्रत्येक प्रोसेसर प्रत्येक पाटीवर बसत नाही. इंटेलच्या बाराव्या पिढीला एलजीए १७०० नावाचं बसकं लागतं. आम्ही एच६१० जातीची पाटी घेतली, ती त्यातली साधी आणि स्वस्त. एच६१० मध्ये पण दोन प्रकार येतात, एकाला डीडीआर ४ रॅम, एकाला डीडीआर ५. दोन्ही पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते, एकीची दुसरीत बसत नाही. दामटलीत तर मोडेल. खोक्यावर काय छापलंय ते वाचून मगच रॅम मागायची.

यादी तयार झाली, तीन ठिकाणचे भाव फोनवर घेतले. आमच्यातल्या एकीचे दीर नवी मुंबईत माथाडी कामगार. त्यांच्याकडं मुक्काम करून आम्ही चौघी मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेलो. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत जाता येतं. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. गर्दी अशी की यात्रेची आठवण यावी. आक्का बरोबर होत्या. नाही नाही म्हणत होत्या, ओढून नेलं.

एका दुकानात प्रोसेसर आमच्या भावापेक्षा बराच स्वस्त मिळत होता. "तोच आहे, १२१००, घ्या." आम्ही पैसे काढणार तेवढ्यात आक्कांनी खोकं हातात घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "ह्याच्यापुढं एक इंग्रजी अक्षर जास्तीचं आहे." ते एफ होतं. एफवाल्या प्रोसेसरमध्ये पडद्यावर चित्र दाखवायची सोय नसते, वेगळं कार्ड घ्यावंच लागतं. तो घेऊन घरी आलो असतो तर सगळं जोडूनही पडदा काळाच राहिला असता. दुकानदार हसला, म्हणाला, "आजी, तुम्ही बघूनच आलाय." आजी म्हटल्याचा राग आक्कांना अजून आहे.

आता पैशाचं सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. प्रोसेसर साडेदहा हजार, मदरबोर्ड साडेसहा, रॅम तीन हजार दोनशे, एसएसडी तीन हजार तीनशे, एसएमपीएस तीन हजार दोनशे, कॅबिनेट दोन हजार, बावीस इंची मॉनिटर सात हजार, कीबोर्ड-माउस नऊशे आणि यूपीएस दोन हजार आठशे. एकूण एकोणचाळीस हजार चारशे. हे २०२४ च्या दिवाळीतले भाव. त्यानंतर रॅम आणि एसएसडी खूप महागल्यात, म्हणून आमचा आकडा धरून बसू नका, ज्या दिवशी घ्यायचं त्याच आठवड्याचा भाव विचारा.

एका दुकानात म्हणाले, बिल नको असेल तर अठरा टक्के जीएसटी वाचवा. मोह झाला, खोटं कशाला सांगू. एवढ्या पैशात वर्षभराची वह्या-पेनं येतील. पण साडेचौदा हजाराचा तो लेटरपॅडचा कागद आठवला. पक्कं बिल घेतलं, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घेतला. प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोन्हीची तीन वर्षांची वॉरंटी आहे, आणि बिल गटाच्या दप्तरात आहे.

काहीजणी म्हणतील, एसएमपीएसला तीन हजार कशाला, सहाशेतही मिळतो. तो सहाशेवालाच आमचा जळला होता! आमच्या कंप्युटरला साध्या कामात शंभर वॅटसुद्धा लागत नाहीत, म्हणजे वॅट जास्त हवेत म्हणून आम्ही महाग घेतला नाही. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ छाप असलेला घेतला. ती छाप वीज कमी वाया जाते एवढंच सांगते, पण अशी चाचणी करून घेणारी कंपनी साधारण आत जास्त-कमी दाबापासून बचावाची सोयही नीट करते. खेड्यात राहणाऱ्या बाईनं कुठं पैसे वाचवायचे तर कॅबिनेटमध्ये वाचवावेत, लखलखत्या दिव्यांची पेटी नको. एसएमपीएस आणि यूपीएसमध्ये वाचवू नयेत. यूपीएस आमची ६०० व्हीएची. लाइट गेल्यावर पंधरा मिनिटांच्या आसपास मिळतात, तेवढ्यात सेव्ह करून नीट बंद करायचं. त्यावर बसून पिक्चर बघायचा नाही, हे पोरांना तीनदा सांगावं लागलं.

आणि अर्थिंग. जुना कंप्युटर चालू असताना पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या, आम्ही हसण्यावारी न्यायचो. वायरमनला बोलावलं तर कळलं, गटाच्या खोलीतल्या तीन पिनच्या सॉकेटला तिसरी तारच नव्हती. खड्डा खणला, पत्रा पुरला, कोळसा-मीठ घातलं, तार ओढली. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओततो. कंप्युटर आणायच्या आधी हे काम करा.

जोडणी मंगळवारी दुपारी, चटईवर नाही तर लाकडी टेबलावर. नायलॉनची साडी नेसायची नाही आणि भागांना हात लावण्याआधी उघड्या लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण पाटीवरच्या त्रिकोणाशी जुळवला, नुसता अलगद ठेवला, दाबला नाही. त्याच्याबरोबर आलेल्या पंख्याला गार ठेवायचा लेप लावलेलाच असतो, तो पुसायचा नाही. पंख्याचे चार पाय समोरासमोरचे आळीपाळीनं दाबले. वीज देणारी चोवीस पिनांची जाडी तार सगळ्यांना दिसते, पण प्रोसेसरजवळची आठ पिनांची विसरते, ती पण लावली.

बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा. खोलीत कुणी श्वास घेईना. परत चार महिन्यांपूर्वीचीच संध्याकाळ! आयटीआयवाल्या लेकीचा चेहरा उतरला. तिनं प्लग काढला, रॅमच्या पट्ट्या बाहेर काढल्या आणि म्हणाली, "आक्का, तुम्ही बसवा, मला भीती वाटतीय मोडायची." आक्कांनी भाकरी थापतात तसे दोन्ही अंगठे टेकवले आणि दाबलं. कट्‌, कट्‌. पहिल्या वेळी एका बाजूची खुंटी लागलीच नव्हती. पुन्हा बटण दाबलं आणि पडद्यावर पांढरी अक्षरं आली. इंग्रजीतली होती, पण वाचता येणाऱ्या आणि न येणाऱ्या सगळ्याच टाळ्या वाजवत होत्या.

विंडोजचे पैसे आम्ही भरले नाहीत आणि चोरीचंही टाकलं नाही. लिनक्स मिंट टाकलं, ते फुकट असतं. त्यात लिबरऑफिस येतं, ते मराठीतही करता येतं, हिशेबाचे तक्ते त्यात होतात. मराठी टायपिंगला इन्स्क्रिप्टची सवय करायला महिना गेला.

लॅपटॉप का नाही, हे बऱ्याचजणींनी विचारलं. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, हा मोठा फायदा, ते मान्य. पण गटाचा लॅपटॉप एकदा कुणाच्या घरी गेला की तिथंच राहतो, आणि एक भाग बिघडला तर सगळाच दुकानात द्यावा लागतो. आमचा मॉनिटर उद्या गेला तर मॉनिटरच बदलू. घरी एकटीनं वापरायचा असेल तर लॅपटॉप घ्या, काही हरकत नाही.

वही आम्ही पुन्हा सुरू केली. आधी वहीत, मग कंप्युटरमध्ये. दर मीटिंगनंतर दोन पेनड्राइव्हवर नक्कल होते. एक गटाच्या कपाटात, दुसरा आक्कांच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत. किल्ल्याही त्यांच्याकडंच आहेत.

आमची यादी आणि कोणता भाग कशाशी जुळतो त्याचा कागद केंद्रावर ठेवलाय, दर गुरुवारी दुपारी दोननंतर येऊन उतरवून घ्या. येण्याआधी घरातल्या सॉकेटला तिसरी तार आहे का, ते वायरमनकडून बघून घ्या.