चित्रफितींचे चिनी बाजार आणि नांदेड-लातूर

मार्गशीर्ष महिन्यांत नांदेड जिल्ह्यांतील लोहा तालुक्यांत माळेगांवची खंडोबाची यात्रा भरते. एकीकडे घोडे व गाढवें यांचा बाजार आणि दुसरीकडे तमाशाचे फड, असा त्या यात्रेचा थाट असतो. कोणत्या फडाच्या तंबूस गर्दी लोटावी, हें तेथें प्रेक्षकांचे पायच ठरवितात. सन २०२० च्या जून महिन्यापर्यंत नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील पुष्कळ तरुण मंडळी एका निराळ्याच फडांत उभी होती. त्या फडाची मालकी चीन देशांतील एका कंपनीकडे होती, आणि प्रेक्षकांनीं कोणाकडे पाहावें हें बहुतेक अंशीं तिची गणिती यंत्रणाच ठरवीत असे. टिकटॉक हें त्या फडाचें नांव. असे फड चीनमध्यें एक नव्हे, अनेक आहेत. व त्यांच्या तऱ्हाही परस्परांहून भिन्न आहेत.

या धंद्यांत चीन अमेरिकेच्या मागून चालला, असा सर्वसाधारण समज आहे. तो तितकासा खरा नव्हे. यूट्यूबवर पहिली चित्रफीत चढली ती २३ एप्रिल २००५ रोजीं. शांघायचें तूदो हें संकेतस्थळ त्याच महिन्याच्या १५ तारखेस, म्हणजे आठवडाभर आधींच, सुरू झालें होतें. तूदो म्हणजे बटाटा! कोचावर पसरून तासन्‌तास दूरचित्रवाणी पाहणाऱ्या माणसास इंग्रजींत बटाट्याची उपमा देतात, तिच्यावरून हें नांव आलें. त्याचा संस्थापक गॅरी वांग. पुढें २००६ च्या डिसेंबरांत बीजिंग येथें विक्टर कू यानें योकू काढलें. दोघांचीं ब्रीदवाक्यें पाहण्याजोगीं होतीं. प्रत्येक मनुष्य स्वतःच्या जीवनाचा दिग्दर्शक आहे, असा तूदोच्या ब्रीदाचा आशय. तर सारें जग पाहत आहे, असा योकूच्या ब्रीदाचा. एकाची दृष्टि करणाऱ्यावर, दुसऱ्याची पाहणाऱ्यावर. अखेरीस पाहणाऱ्याचीच सरशी झाली. हौशी लोकांच्या चित्रफिती साठविण्याचा खर्च मोठा आणि जाहिरातदारांचा ओढा मालिका व चित्रपट यांकडे. तेव्हां दोन्ही संकेतस्थळें हळूहळू विकत घेतलेल्या कार्यक्रमांचीं नाट्यगृहें बनलीं. २०१२ सालीं त्यांचें एकीकरण झालें आणि २०१६ सालीं अलीबाबा कंपनीनें तीं गिळलीं. २०१० सालचें आयचियी आणि २०११ सालचें टेन्सेंट व्हिडिओ हींही त्याच वाटेचीं. त्यांच्याविषयीं अधिक सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तेथें सामान्य मनुष्य तिकीट काढून बसतो, रंगमंचावर चढत नाहीं.

बिलिबिलीची गोष्ट मात्र वेगळी आहे. शू यी नांवाच्या तरुणानें २००९ सालीं जपानी सजीवचित्रांच्या शौकिनांसाठीं काढलेला हा एक लहानसा अड्डा. येथें चित्र चालू असतांनाच प्रेक्षकांनीं लिहिलेले शेरे पडद्यावरून एकामागून एक सरकत जातात. चिनी भाषेंत त्यांस दानमू म्हणतात. गोळ्यांचा भडिमार असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. ही युक्ति मूळची जपानांतील निकोनिको या संकेतस्थळाची. ढोलकीच्या तालावर फेटे उडविणाऱ्या प्रेक्षकांचा गलका ज्यानें ऐकला आहे, त्यास ती फारशी अपूर्व वाटणार नाहीं. परंतु हा गलका करण्याचा अधिकार बिलिबिलीवर फुकट मिळत नसे. त्यासाठीं १०० प्रश्नांची परीक्षा द्यावी लागे. डॉक्टरकीच्या परीक्षेच्या तयारीसाठीं मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून मुलें ज्या लातुरांत येऊन राहतात, तेथें ही अट कोणास जाचक वाटली नसती! पुढें याच अड्ड्यावर अभ्यासाचीही रीघ लागली. लुओ श्यांग या फौजदारी कायद्याच्या प्राध्यापकानें २०२० सालीं तेथें व्याख्यानें देण्यास आरंभ केला, तेव्हां कायद्याशीं कांहीं संबंध नसलेले लाखों लोक तीं ऐकूं लागले.

तथापि नांदेड-लातूरच्या दृष्टीनें खरी तुलना आहे ती क्वायशो आणि दोयिन यांची. क्वायशोचा उगम २०११ सालचा. आरंभीं तें हलतीं चित्रें बनविण्याचें एक साधन होतें, चित्रफितींचा बाजार तें मागाहून झालें. दोयिन २०१६ च्या सप्टेंबरांत बाइटडान्स कंपनीनें काढलें. क्वायशो उघडलें म्हणजे पडद्यावर दोन रांगांत अनेक चित्रें दिसत, व पाहणारा त्यांतून एक निवडी. लातूरच्या गंजगोलाईंत उभें राहून सोळा रस्त्यांपैकीं कोणता धरावा हें ज्याचें त्यानें ठरवावें, तसाच हा प्रकार. दोयिनवर एकच चित्रफीत सारा पडदा व्यापून आपोआप चालू होते. आवडली नाहीं तर बोटानें वर ढकलावी, कीं दुसरी हजर. पाहणारा कोठें किती सेकंद थांबला याची नोंद यंत्रणा ठेविते, आणि त्यावरून पुढचें ताट वाढते. नवी चित्रफीत आधीं थोड्या लोकांपुढें ठेवावयाची, त्यांस रुचली तर अधिकांपुढें, अशी ही पायरीपायरीची चाळणी आहे.

या भेदाचे परिणाम दूरवर गेले. दोयिनवर शहरी, नटलेल्या तरुणांची छाप पडली. क्वायशोवर शेतकरी, मालमोटारींचे चालक, कारखान्यांतील मजूर असा समाज जमला, व थोड्याच नामांकितांकडे सारें लक्ष एकवटूं नये असें धोरण त्याच्या चालकांनीं बराच काळ राखलें. तेथील लोक एकमेकांस ‘लाओथ्ये’ म्हणून हांक मारीत. जुनें लोखंड, असा त्याचा शब्दशः अर्थ. भावार्थ जिवलग मित्र. त्यांचें जग गोंडस होतें असें मात्र कोणीं समजूं नये. अल्पवयीन मातांच्या चित्रफितींवरून २०१८ सालीं सरकारी दूरचित्रवाणीनें क्वायशोस धारेवर धरिलें, आणि त्याच सुमारास बाइटडान्सचें विनोदी चुटक्यांचें एक ॲप सरकारनें कायमचें बंद केलें. चीनमधील प्रत्येक फडाच्या दारांत कोतवाल बसलेला असतो, हें विसरून चालणार नाहीं.

हिंदुस्थानांत या दोघांचीं परदेशी रूपें आलीं : दोयिनचें टिकटॉक आणि क्वायशोचें क्वाई. २०१६ च्या सप्टेंबरांत जिओची सेवा सुरू होऊन आंतरजाल स्वस्त झालें होतें. भूमि नांगरून तयारच होती. टिकटॉकला लेखनाची गरज नव्हती, हें त्याच्या यशाचें एक मोठें कारण. देगलूर-बिलोलीच्या सीमेवर मराठी, तेलुगु व उर्दू एकाच बाजारांत कानीं पडतात. तेथें पंधरा सेकंदांच्या गाण्यावर ओठ हलविण्यास कोणती लिपि येते असें कोणी विचारीत नाहीं. शेताच्या बांधावर, सोयाबीनच्या राशीपाशीं, गोदावरीच्या घाटावर मोबाईल टेकवून ठेवावा आणि अभिनय करावा, एवढेंच भांडवल. गंमत अशी, कीं या भागांत यंत्र आलें तें दोयिनचें, पण त्यावर जमलीं तीं माणसें क्वायशोच्या वळणाचीं. आणि तरीही चिनी खेड्यांतील शेतकरी व कंधारचा शेतकरी यांची तेथें भेट झाली नाहीं. कारण चीनमध्यें टिकटॉक दिसत नाहीं आणि येथें दोयिन मिळत नव्हतें. एकाच वाड्याचीं दोन अंगणें, मध्यें बंद दार.

१५ जून २०२० रोजीं गलवान खोऱ्यांत वीस भारतीय जवानांना वीरमरण आलें. २९ जून रोजीं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमान्वयें केंद्र सरकारनें ५९ ॲपांवर बंदी घातली. टिकटॉक, क्वाई, हेलो, लाईकी हीं सर्व त्या यादींत होतीं. देशांतील सुमारें वीस कोटी लोक टिकटॉक वापरीत होते. त्यांचा पट एक-दोन दिवसांतच मिटला. बंदीचा हेतु देशाच्या सुरक्षिततेचा होता, व त्याविषयीं येथें वाद घालण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या मुलीनें आजीच्या जात्यावरच्या ओव्या तेवढ्याच एका ठिकाणीं साठविल्या असतील, तिची ठेव कोठें गेली, हा प्रश्न त्यामुळें मिटत नाहीं. जमविलेले चाहते तर एका ॲपांतून दुसऱ्यांत उचलून नेतांच येत नाहींत; जमीन दुसऱ्याची असली म्हणजे झाडही त्याचेंच राहतें.

८ जुलैस इन्स्टाग्रामनें रील्स आणलें, सप्टेंबरांत यूट्यूबनें शॉर्ट्स. मोज, जोश यांसारखीं देशी ॲपेंही पुढें सरसावलीं. या सर्वांनीं उचलली ती दोयिनचीच रीत : एक पडदा, एक चित्रफीत, आणि निवड यंत्राची. पाहणाऱ्यानें स्वतः निवडावें, ही क्वायशोची रीत मराठवाड्यांत रुजलीच नाहीं. खुद्द क्वायशोनेंही २०२० सालीं एका पडद्याची सोय आपल्याकडे करून घेतली. क्वाई आज ब्राझीलमध्यें चालतें. नांदेड-लातूरकडील बहुतेक मुलांना तें नांवही ठाऊक नाहीं.