शास्त्रवचनांतील लक्षणा

रोहें कुंडलिकेवर वसलें आहे आणि पेण भोगावतीवर, असें म्हटलें म्हणजे तेथील घरें पाण्यावर तरंगतात असा अर्थ कोणीहि घेत नाहीं. शब्दाचा सरळ अर्थ जेथें जुळत नाहीं, तेथें मन आपोआप त्याला लागून असलेला दुसरा अर्थ घेतें. संस्कृत साहित्यशास्त्रकारांनीं गंगेवरील गवळवाड्याचें उदाहरण देऊन या व्यापारास ‘लक्षणा’ असें नांव दिलें. नित्याच्या बोलण्यांत ज्याची कधीं अडचण पडत नाहीं, त्याचाच धर्मग्रंथ हातीं घेतल्यावर विसर पडतो. ख्रिस्ती शास्त्रांतील कित्येक वचनें दुर्बोध वाटतात तीं बहुधा यामुळेंच.

डोंगरावरील प्रवचनांत येशूनें शिष्यांना पृथ्वीचें मीठ म्हटलें, आणि मिठाचा खारटपणा नाहींसा झाल्यास पुढें काय, असा प्रश्न केला. शहरांतील वाचक येथें अडखळतो; मीठ आपली चव कशी गमावील? पेणच्या खाडीकांठीं ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकविलें, त्यांना हें कोडें पडणार नाहीं. उघडी रास पावसांत सांपडली कीं मीठ विरघळून जातें आणि माती तेवढी उरते. पॅलेस्टाइनमधील मीठहि असेंच भेसळीचें असे, असें अभ्यासक सांगतात. ओलाव्यानें त्यांतील सत्त्व गेलें कीं उरे तें दिसण्यांत मीठ, पण चवीला माती. रूप राहून सत्त्व जाणें, हाच त्या दृष्टांताचा रोख आहे.

कांहीं वचनें अतिशयोक्तीचीं आहेत. श्रीमंताच्या स्वर्गराज्यांतील प्रवेशाहून उंटानें सुईच्या नेढ्यांतून जाणें सोपें, हें त्यांपैकीं एक. ‘सुईचें नेढें’ हें यरुशलेमच्या एका अरुंद दरवाजाचें नांव होतें, असें कोणी सांगतात. परंतु त्यास प्राचीन पुरावा नाहीं. यहुदी तल्मुदांत तर अशक्य गोष्टीसाठीं नेढ्यांतून जाणारा हत्ती आला आहे. उंट लहान केल्यानें किंवा नेढें मोठें केल्यानें वचन सोपें होत नाहीं, निर्जीव होतें. डोळ्यांतील कुसळ आणि मुसळ यांची जोडी मराठींत रूढच आहे. तेथें मुसळ डोळ्यांत मावतें कसें, असें कोणी विचारीत नाहीं.

सर्वांत कठीण वचन मात्र लूकच्या चौदाव्या अध्यायांत आहे. जो आईबापांचा द्वेष करीत नाहीं त्याला शिष्य होतां येणार नाहीं, असा त्याचा शब्दार्थ. हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. एकोणिसाव्या शतकांत महाराष्ट्रांतील अनेक घरें धर्मांतरानें दुभंगलीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाईंच्या वांट्यास दीर्घ ताटातूट आली. पुढें १९०० सालीं त्यांनींहि तो धर्म स्वीकारला. अशा काळीं ‘द्वेष’ हा शब्द अक्षरशः घेतला, तर एका बाजूस निर्दयता आणि दुसऱ्या बाजूस कायमची अढी, एवढेंच हातीं लागेल.

या वचनाची किल्ली हिब्रू वाक्प्रचारांत आहे. उत्पत्तीच्या पुस्तकांत याकोबाचें लेआपेक्षां राहेलीवर अधिक प्रेम होतें असें सांगून लगेच पुढें लेआ ‘अप्रिय’ होती असें म्हटलें आहे, आणि तेथें मूळ शब्द द्वेषाचाच आहे. म्हणजे दोघांतून निवड करतांना एकाला मागें ठेवणें, एवढाच त्याचा आशय. मत्तयानें हेंच वचन ‘माझ्यापेक्षां अधिक प्रेम’ अशा शब्दांत दिलें आहे. शिवाय देवाला अर्पण केल्याचें निमित्त सांगून आईबापांना उपाशीं ठेवणाऱ्यांचा येशूनें मार्काच्या सातव्या अध्यायांत कडक निषेध केला आहे.

ही किल्ली कोंकणाला परकी नाहीं. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल याच भागांत राहिले. पेणकर, रोहेकर हीं त्यांचीं आडनांवें त्याची साक्ष देतात. ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात, तें मुळांत त्यांच्याच धर्माचें शास्त्र. डॉक्टर जॉन विल्सन यांनीं १८३२ सालींच हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींत प्रसिद्ध केलें होतें.

तेव्हां कठीण वचन पुढें आलें असतां तीन प्रश्न विचारावे: ऐकणाऱ्यांच्या नित्य परिचयाची ती वस्तु कोणती, बोलणाराचा रोख कोणत्या एका गोष्टीवर आहे, आणि त्याच ग्रंथांतील इतर वचनांशीं हा अर्थ जुळतो काय. जो अर्थ घराचा उंबरठा ओलांडतांना आईला विसरावयास सांगतो, तो तिसऱ्या प्रश्नापाशींच अडतो.