आता बाई होता येईल का?

परवा कशेळ्याच्या बैठकीत हप्ते भरून झाल्यावर एक ताई हळूच म्हणाली, "मी बारावी झालेय, पस्तिशी आली. आता शाळेत बाई होता येईल का गं?" बाकीच्या हसल्या. मी नाही हसले.

देवरुखच्या पार्वतीबाई आठवले विशीत विधवा झाल्या, पदरी मुलगा. पुढे पुण्याला येऊन शिकल्या, हिंगण्याच्या आश्रमासाठी झटल्या आणि चाळिशीनंतर इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या.

पण नुसती हिंमत पुरत नाही, हिशोबही हवा. पहिली ते पाचवीला शिकवायचं तर बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड. आणि टीईटी पास लागते. सरकारी भरतीत वयाची अट खुल्या गटाला 38, मागासवर्गीयांना 43. आज प्रवेश घेतला तर ताईची पदविका सदतिसाव्या वर्षी हातात. खुल्या गटातली असेल तर एकच वर्ष उरतं, आणि भरती काही दरवर्षी निघत नाही. म्हणून थांबायचं नाही.

ताई, बारावीची गुणपत्रिका घेऊन ये, दोघी बसून बघू. आणि बायांनो, शेळीसाठी आपण गटातून कर्ज देतो ना? मग फीसाठीही देऊ. ठराव आपल्याच हातात आहे.