कस आणि क्रमांक

 

सुरुवातीला एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या मराठी मंडळाचा मागच्या वर्षीचा गणेशोत्सव आठवा. पहिल्या दिवशी छोट्यांची वेशभूषा स्पर्धा. दोन शिवाजी महाराज, तीन झाशीच्या राण्या, एखादी भाजीवाली. मग पाठांतर, मग रंगभरण. आणि त्यानंतर एकदम मोठ्यांचं सुरू. नाट्यसंगीत, अभंगवाणी, पाककृती. आता सांगा, तेरा ते सतरा वर्षांची मुलं कुठे होती? बहुतेक ठिकाणी ती खुर्च्या लावत होती, नाहीतर मागच्या रांगेत मोबाइल घेऊन बसली होती, नाहीतर क्लासला गेली होती. आणि आपण एकमेकांना सांगतो, "या वयात येतच नाहीत हो ती."

मी जिथे वाढले, तिथे या वयाची मुलं येतात. हजारोंनी येतात. म्हणून आज मला केरळच्या शालेय कलोत्सवाबद्दल बोलायचं आहे.

माझी ओळख थोडक्यात सांगते. आम्ही गलाईवाले. मूळ गाव सांगली जिल्ह्यात, विट्याच्या अलीकडे. त्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या व्यवसायासाठी देशभर पसरली, त्यातले माझे आजोबा त्रिशूरला आले. त्रिशूर हे सोन्याचे दागिने घडवणारं गाव, तेव्हा काम मिळालं आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, शाळेत मल्याळम. त्या शाळेमुळेच कलोत्सव माझ्या आयुष्यात आला.

१ नोव्हेंबर १९५६ ला केरळ राज्य झालं. त्रावणकोर, कोचीन आणि मलबार असे वेगवेगळ्या कारभारांखाली राहिलेले प्रदेश एकत्र आले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, जानेवारी १९५७ मध्ये, एर्नाकुलमला शाळकरी मुलांचा पहिला राज्य उत्सव भरला. तेव्हाचे सार्वजनिक शिक्षण संचालक डॉ. सी. एस. वेंकटेश्वरन यांनी दिल्लीत विद्यापीठांचा युवक महोत्सव पाहिला होता. हे आपल्या शाळांमध्ये का नको, असं त्यांना वाटलं. दुसऱ्याच वर्षी, १९५८ ला, गायनात पहिला आलेला मुलगा होता येशुदास आणि मृदंगात पहिला आलेला मुलगा होता जयचंद्रन. पुढे दोघेही मोठे गायक झाले. येशुदास गाताहेत आणि जयचंद्रन मृदंगावर साथ करताहेत, असा त्या वेळचा एक फोटो आहे. केरळमध्ये तो ठाऊक नाही असा माणूस विरळा.

आज या उत्सवाचा पसारा केवढा आहे बघा. आधी शाळेत, मग उपजिल्ह्यात, मग जिल्ह्यात आणि शेवटी राज्यात. राज्य पातळीवर आठवी ते बारावीची मुलं असतात. २०२५ च्या जानेवारीत तिरुवनंतपुरमला ४ ते ८ तारखेपर्यंत २५ रंगमंचांवर २४९ स्पर्धा झाल्या. त्यात भरतनाट्यम, मोहिनीअट्टम, कथकली आहे. कूडियाट्टमसारखं संस्कृत नाट्यही आहे. मुसलमानांची ओप्पना आणि दफमुट्टू आहे, ख्रिस्ती समाजाचं मार्गमकळी आणि चविट्टुनाटकम आहे. चेंडा आहे, मिमिक्री आहे, एकपात्री आहे. आणि ज्या मुलांना रंगमंचावर जायला नको वाटतं, त्यांच्यासाठी कथा, कविता, निबंध, व्यंगचित्र आहे. ती मुलं एका वर्गखोलीत बसून शांतपणे आपलं काम करतात, आणि त्यांचे गुण नाचणाऱ्यांच्या गुणांइतकेच मोजले जातात.

हे सगळं चालवतं कोण? सरकार पैसा देतं, पण राबतं गाव. शिक्षकांच्या संघटना एकेक समिती वाटून घेतात. कुणाकडे जेवण, कुणाकडे निवास, कुणाकडे मंडप. शाळांचे वर्ग रिकामे करून मुलांना राहायला देतात. जेवणाच्या मंडपात रोज हजारो पानं उठतात, फुकट. रिक्षावाले, दुकानदार, आसपासच्या घरांतल्या बायका असे सगळे बघायला येतात. आपल्या घरातलं कुणी स्पर्धेत नसलं तरी येतात.

आता मी मुद्द्यावर येते.

नववीत मी ओप्पनाच्या चमूत होते. मलबारच्या मुसलमान घरांत लग्नाच्या वेळी नवरीला मधे बसवतात आणि मैत्रिणी तिच्याभोवती टाळ्यांच्या ठेक्यावर गात नाचतात, ती ओप्पना. आम्ही दहाजणी, त्यात मुसलमान दोघीच. आई म्हणाली, "अगं, आपल्यात असतं का हे?" त्यावर वडील भट्टीपासून न उठता म्हणाले, "मोड घेऊन कुणी आला तर हे कुणाच्या घरचं सोनं, असं विचारतो का आपण? कस बघतो."

कस कसा बघतात, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. काळा गुळगुळीत दगड असतो, कसोटीचा. त्यावर आलेल्या सोन्याची रेघ ओढायची. तिच्या शेजारी, ज्याचा कस आधीच ठाऊक आहे अशा सोन्याची रेघ ओढायची. वर तेजाब लावायचं. कुठली रेघ टिकते, कुठली फिकी पडते, ते बघायचं. दिवसभरात वीस नग आले तरी त्यांत पहिला कोण, दुसरा कोण, हा प्रश्नच नसतो. प्रत्येक नगाची तुलना ठरलेल्या कसाशी, शेजारच्या नगाशी नाही. वीसही बावीस कॅरेटचे निघू शकतात. एकही न निघू शकतो.

माझ्या काळात कलोत्सवात क्रमांक होते. शिवाय १९८६ पासून सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्या मुलाला कलाप्रतिभा आणि मुलीला कलातिलकम असा किताब मिळायचा. सिनेमावाल्यांचं लक्ष तिकडे असायचं. त्या एका किताबासाठी घरं गहाण पडायची वेळ यायची, असं लोक उघड बोलत. पुढे २००६ च्या सुमारास हे किताब बंद झाले. आणि २०१८ च्या त्रिशूरच्या कलोत्सवापासून राज्य पातळीवरचे पहिला, दुसरा, तिसरा हे क्रमांकही गेले. ऐंशी टक्के किंवा अधिक गुण ज्याला मिळतील, त्या प्रत्येकाला 'ए' श्रेणी. दहाजण त्या पातळीला पोचले तर दहाही 'ए'.

म्हणजे क्रमांक जाऊन कस आला.

आता कुणी म्हणेल, मग चुरस कुठे राहिली? चुरस जिल्ह्यांमध्ये ठेवली. सगळ्या मुलांचे गुण त्यांच्या जिल्ह्याच्या खात्यात जमा होतात, आणि सर्वाधिक गुणांच्या जिल्ह्याला सोन्याचा चषक मिळतो. कवी वैलोप्पिळ्ळी श्रीधर मेनन यांची ही कल्पना. चषक साडेएकशे सतरा पवनांचा. पवन म्हणजे आठ ग्रॅम, हा हिशेब आमच्या घरात तोंडपाठ. नऊशे चाळीस ग्रॅम होतात. २०२५ ला आमच्या त्रिशूरने हा चषक पंचवीसहून अधिक वर्षांनी जिंकला. आमचे १००८ गुण, पालक्काडचे १००७. एका गुणाचा फरक! तो एक गुण कुणाचा होता? नाचणाऱ्या मुलीचा, की खोलीत बसून व्यंगचित्र काढणाऱ्या मुलाचा? कुणालाच सांगता येणार नाही, आणि मला त्यातलीच गंमत मोठी वाटते. जिंकलं तर सगळ्यांनी मिळून, आणि त्यात प्रत्येकाचं काम मोजलेलं.

सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. खालच्या पातळ्यांवर पुढे एकालाच जाता येतं, म्हणून तिथे क्रमांक अजून आहेच. मग पालक अपील करतात, थेट न्यायालयात जातात. नृत्याचे पोशाख, दागिने, रंगभूषा, गुरूंची फी हा खर्च एवढा आहे की, मोलमजुरी करणाऱ्याची मुलगी कितीही चांगली नाचली तरी पहिल्याच पायरीवर अडते. कसोटी सगळ्यांना सारखी असून भागत नाही. दगडापर्यंत पोचायला मिळालं पाहिजे. आणि आणखी एक. कासरगोडच्या आदिवासींचं मंगलमकळी, वायनाडच्या पणियांचं नृत्य, अट्टप्पाडीच्या इरुळांचं नृत्य, पळियांचं नृत्य आणि मलपुलयाट्टम हे पाच प्रकार स्पर्धेत आले ते २०२५ ला. म्हणजे उत्सव सुरू झाल्यानंतर ६८ वर्षांनी. हेही लक्षात ठेवायला हवं.

आपल्याकडे असं काही नाही असं नव्हे. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. २०२२ ला परीक्षकांनी त्या दर्जाची एकांकिकाच झाली नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नव्हता. बराच वाद झाला, पण कस लावणं म्हणजे काय, ते त्यातून कळतं. मात्र तो महाविद्यालयांचा. शाळेतल्या मोठ्या मुलांचं काय, आणि तेही महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मुलांचं, हा प्रश्न उरतोच.

मला वाटतं, तेरा-चौदाव्या वर्षी मुलांना दोन गोष्टी नकोशा होतात. एक म्हणजे लहान मुलासारखं कौतुक. "वा वा, किती छान!" त्यांना कळतं की आपण छान केलेलं नाही. दुसरी म्हणजे सगळ्यांसमोर शेजारच्याच्या मुलापेक्षा खाली ठरणं. आपली मंडळं त्यांना नेमक्या या दोनच गोष्टी देतात. भाग घेतल्याचं प्रमाणपत्र, नाहीतर उत्तेजनार्थ. मग ती मागच्या रांगेत जाऊन बसली तर नवल काय? त्यांना अवघड काहीतरी हवं असतं, ते गंभीरपणे तपासणारं कुणीतरी हवं असतं, आणि तिथवर पोचलो तर पोचलो असं सांगणारा निकाल हवा असतो.

म्हणून माझं मागणं फार नाही. मंडळाच्या उत्सवात एक दिवस आठवी ते बारावीसाठी काढा. क्रमांक देऊ नका, श्रेणी द्या, आणि निकष एक महिना आधी कागदावर द्या. पोवाडा असेल तर उच्चार किती गुणांना, ताल किती, समज किती, हे मुलांना आधी ठाऊक असू दे. परीक्षकांनी प्रत्येक मुलाशी पाच मिनिटं बोलावं. काय जमलं, काय राहिलं, ते सांगावं. पोशाखावरचा खर्च बांधून द्या, त्यापलीकडे गेलं तर गुण नाहीत. लिहिणाऱ्या आणि चित्रं काढणाऱ्या मुलांचेही गुण मोजा. मुलांचे गट पाडा, गुण गटाच्या खात्यात जमा करा. चषक पितळेचा चालेल.

आणि दारं उघडी ठेवा. बडोद्याच्या मंडळात गुजराती मुलगी भारूड करू दे, आपला मुलगा तिथला गरबा नीट, गुरूकडून शिकून करू दे. मी पंधराव्या वर्षी ओप्पना शिकले, त्यामुळे माझी मराठी कमी झाली नाही. उलट मैत्रिणींनी विचारलं, "तुमच्या लग्नात काय गातात?" तेव्हा मी आजीकडे जाऊन ओव्या शिकले. कुणी विचारलं म्हणून शिकले. घरात नुसतं "शिक, शिक" म्हणून कदाचित कधीच शिकले नसते.

परमुलखात आपली भाषा मुलांच्या हातून निसटते ती याच वयात. दहा वर्षांचं मूल आपण सांगू ते पाठ करतं, आणि विशीतलं घर सोडून गेलेलं असतं. मधली ही चार-पाच वर्षं तेवढी आपल्या हातात असतात. यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्यासाठी एक दिवस लिहा. कुठल्या गावाने काय केलं, ते मला नक्की कळवा.