चाँदला ग्वाही लागते, मग व्हिडिओला का नको?



तुम्ही मला विज्ञानावर बोलायला बोलावलंत. मी शास्त्रज्ञ नाही. चंद्रपुरात शाळेत विज्ञान शिकवलं आणि रात्री आकाश बघायची सवय आहे, एवढंच. आज मी माझीच एक चूक सांगणार आहे.

२ एप्रिल २०२२. सकाळी गुढीपाडवा झाला होता आणि संध्याकाळी रमजानचा चाँद दिसला. गच्चीवर मुबारकबाद झाली, लोक तरावीहच्या तयारीला लागले. पावणेआठच्या सुमारास पोरं ओरडली. पेटत्या ठिणग्यांची एक लांब माळ आकाशातून सरकत चालली होती. मी लगेच मोहल्ल्याच्या ग्रुपवर लिहिलं, 'घाबरू नका, ही उल्का आहे.' दहा मिनिटांत तो मेसेज 'सरांनी सांगितलंय' म्हणून गावभर फिरला. बाकीच्या ग्रुपवर कुणी विमान पाडलं, कुणी क्षेपणास्त्र सोडलं.

त्याच रात्री आपल्या जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला मोकळ्या जागेत धातूचं एक कडं पडलं. व्यास सुमारे तीन मीटर, वजन चाळीस किलोंच्या आसपास. मग पवनपारकडे धातूचा एक पोकळ गोळा सापडला. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेचा हिशेब मांडून सांगितलं, की हा फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी 'चांग झेंग ३बी' रॉकेटचा टप्पा असावा. इस्रोचे शास्त्रज्ञही येऊन तुकडे बघून गेले.

माझी 'उल्का' खोटी ठरली. खरं तर मला ओळखता आलं असतं. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि बहुतेक वेळा डोळ्याची पापणी लवेपर्यंत विझते. कक्षेतून उतरणारा कचरा सेकंदाला आठ किलोमीटरच्या आत असतो, जवळजवळ आडवा येतो. म्हणून तो हळू, रांगेत, बराच वेळ दिसतो. पोरांना मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला वेळ मिळाला, यातच उत्तर होतं. मी विचार केला नाही, घाई केली.

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातली दोन मुलं मोटारसायकल घेऊन सिंदेवाहीकडे निघाली. उल्केचा तुकडा लाखोंना विकला जातो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. आणि उल्का आहे हे तर सरांनीच सांगितलं होतं. रॉकेटच्या टाकीत दाबाखालचा वायू किंवा विषारी इंधनाचा अंश असू शकतो. त्यांना काही सापडलं नाही, हे नशीब. पण एप्रिल म्हणजे मोहफुलांचा हंगाम. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात बायाबापड्या पहाटेच टोपल्या घेऊन जातात. असा गोळा पहिल्यांदा दिसला तर त्यांनाच दिसणार. त्यांच्यापर्यंत 'उल्का' पोहोचते की 'हात लावू नका, पोलीस पाटलाला कळवा' हे पोहोचतं, यावर बरंच अवलंबून आहे.

आता गंमत बघा. त्याच संध्याकाळी चाँद दिसल्याची खबर आली, तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांनी काय विचारलं? कुणी पाहिला? स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला का? कुठून? किती वाजता? ग्वाही घेतल्याशिवाय एलान होत नाही. आणि तासाभरात आम्हीच, कुणालाही काही न विचारता, व्हिडिओ पुढे ढकलत होतो. मीसुद्धा.

कुणी म्हणेल, उल्का म्हटलं काय, रॉकेट म्हटलं काय, बिघडलं काय? १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. पोटासाठी भटकणारी माणसं होती ती. मोबाइलवरून फिरलेल्या मेसेजना तिथे कुणी ग्वाही विचारली नाही.

त्या रात्री तरावीहनंतर मी माझा मेसेज काढून टाकायला हवा होता. दोन दिवसांनी मी ग्रुपवर लिहिलं, 'माझं चुकलं, ही उल्का नव्हती.' हा मेसेज मात्र कुणी पुढे पाठवला नाही.

म्हणून तुम्हा तरुणांना एवढीच विनंती. काही पाठवण्याआधी चाँदचे प्रश्न विचारा: कुणी पाहिलं, कुठून, केव्हा. उत्तर नसेल तर थांबा. आणि 'सरांनी सांगितलंय' असं कुणी म्हटलं, तर सरांनाही विचारा.