राउटरआधी विजेचा हिशेब

गावाचं स्वतःचं वायफाय जाळं उभारायचं म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, ‘सर, राउटर कोणता घेऊ?’ फौजेतली सवय, मी उलट विचारतो, ‘तुमच्याकडे वीज किती तास असते?’

हिशेब सोपा आहे. नोड १० वॉट खात असेल, तर दिवसाला २४० वॉट-तास लागतात. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे ढगाळ असलेल्या एका दिवसासाठी १२ व्होल्टची, ४० अँपिअर-तासांची बॅटरी हवी. ५ वॉटचा नोड घेतलात, तर बॅटरी निम्मी आणि सोलर पॅनेलही निम्मं.

मग त्यावर ओपनडब्ल्यूआरटी चालतं का, ते पाहा. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचा स्वस्त राउटर नको. नव्या आवृत्त्या त्यात मावत नाहीत, सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात.

शक्यतो सगळे नोड एकाच मॉडेलचे घ्या. २४ व्होल्टच्या नोडला घाईत ४८ व्होल्टचा ॲडॉप्टर लागला, तर तो जळू शकतो. शिवाय एकच जादा संच कुठेही बसवता येतो.

पावसाळ्यात रस्ता बंद झाला, की डॉक्टरांना फोन याच जाळ्यावरून लागणार आहे. तेव्हा वेगापेक्षा टिकणारं निवडा. जय हिंद.