बंदुकीवरची अक्षरं



खंडेनवमीला ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांतून शस्त्रं बाहेर निघतात. लष्कर भागातले वाडे सोडून सिटी सेंटरच्या फ्लॅटमध्ये आलेल्या कुटुंबांनीही पणजोबांची तलवार, एखादी बंदूक बरोबर आणलेली असते. पूजेआधी ती लखलखीत दिसावी म्हणून पॉलिश पेपरनं घासली जाते. या घासण्याविरुद्ध बोलायला मी आज आलो आहे. कारण त्या लोखंडावर ठोकलेले शिक्के, आकडे आणि अक्षरं हा त्या बंदुकीचा एकमेव लेखी पुरावा असतो आणि तो एकदा गेला की परत मिळत नाही.

आपलं शहर फौजेच्या तळातून उभं राहिलं. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेनं किल्ल्याच्या पायथ्याशी तळ ठोकला, त्याचंच पुढे लष्कर झालं. 29 डिसेंबर 1843 ला महाराजपूर आणि पनियार इथे शिंद्यांची फौज इंग्रजांशी एकाच दिवशी लढली. हरल्यावर आपल्या ज्या तोफा त्यांच्या हाती पडल्या, त्यांचं ब्राँझ वितळवून इंग्रजांनी आपल्या सैनिकांसाठी तारेच्या आकाराची पदकं केली. नंतर इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालचा ग्वाल्हेर कंटिंजंट आला, मग 1858 च्या जूनमध्ये उठावातली लढाई इथे झाली. पुढे 1886 पर्यंत किल्ला इंग्रजांकडेच होता. इतक्या सैन्यांची शस्त्रं या भागातून गेली आहेत, म्हणून घरातली बंदूक नेमकी कोणाची हे नुसत्या आठवणींवरून ठरवता येत नाही.

सुरुवात ठासणीच्या बंदुकीपासून करू. चापाच्या वर, उजव्या बाजूला लोखंडी पट्टी असते, ती बघा. हृदयाच्या आकाराची चौकट आणि तिच्यात चार इंग्रजी अक्षरं असतील, तर ती ईस्ट इंडिया कंपनीची जुनी खूण. मागच्या पायांवर उभा राहून मुकुट धरलेला सिंह असेल, तर तीही कंपनीचीच, पण एकोणिसाव्या शतकातली. मुकुट, ‘टॉवर’ हा शब्द आणि साल असेल, तर ती सरकारी ब्रिटिश बंदूक.

आता नळीच्या तोंडातून आत बघायचं. त्याआधी ती भरलेली नाही, याची खात्री जाणकाराकडून करून घ्या. शंभर वर्षं भिंतीवर टांगलेल्या बंदुकीतही बार शिल्लक असू शकतो. आत पिळाचे खाचे असतील तर ती रायफल. पण बाहेरून हुबेहूब 1853 ची एनफिल्ड आणि आत नळी गुळगुळीत, अशाही बंदुका आहेत. सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हातात मुद्दाम बिनखाच्यांच्या बंदुका दिल्या. त्यांचा पल्ला कमी आणि नेम कच्चा. सत्तावन्नला राज्यकर्ते किती घाबरले होते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड, वाचायला सोपी. लाकडी दस्ता जिथे लोखंडाला मिळतो तिथे उजवीकडे वरपासून खाली मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखान्याचं नाव, साल आणि नमुना असा क्रम असतो. ‘बी.एस.ए.’ म्हणजे बर्मिंगहॅम, ‘लिथगो’ म्हणजे ऑस्ट्रेलिया. ‘इशापूर’ किंवा ‘आर.एफ.आय.’ असेल तर ती हुगळीकाठच्या आपल्या कारखान्याची. स्वातंत्र्यानंतर तिथल्या रायफलींवरचा मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. बाणाचं टोक आणि त्याखाली ‘आय’ म्हणजे हिंदुस्थान सरकारची मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सरकारनं ती विकून टाकली होती. एन.सी.सी.त गेलेल्यांना ‘डी.पी.’ ही अक्षरं आठवतील. ती फक्त कवायतीची रायफल, तिच्यातून गोळी झाडायची नाही. बोल्टवरचा आकडा आणि सांगाड्यावरचा आकडा जुळतो का, हेही बघा. जुळत नसेल तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे आणि ती चालवणं धोक्याचं आहे.

खोट्या खुणाही असतात. खैबरच्या परिसरात, दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी हातानं हुबेहूब रायफली बनवल्या. पण इंग्रजी न येणाऱ्या हातानं ठोकलेलं ‘एन’ कधी उलटं पडतं, कधी 1901 नंतरच्या सालाबरोबर व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं असतात. राणी तर जानेवारी 1901 मध्येच वारली होती.

काही बंदुकांवर मात्र आपली देवनागरीच आहे. नेपाळचे जनरल गहेंद्र शमशेर यांनी बनवलेल्या रायफलींवर नागरी अक्षरं आणि आकडे आहेत. काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातला हजारो बंदुकांचा साठा 2003 मध्ये अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतला, तेव्हा जगभरचे संग्राहक ते आकडे वाचायला शिकले. आपण तर ते पहिलीतच शिकलो आहोत.

घरातली एखादी बंदूक झाशीच्या राणीच्या फौजेतली असल्याची गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली जाते आणि तिच्यावर 1878 हे साल निघतं, असं होऊ शकतं. मन खट्टू होतं, पण खरं साल कळलं म्हणजे त्या बंदुकीची खरी गोष्ट शोधायला जागा मिळते.

कायदाही या खुणांच्या बाजूनं आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाचं आठवं कलम बंदुकीवरचं नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसायला, बदलायला मनाई करतं. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुराणवस्तूला सूट आहे, पण चालण्याजोगी बंदूक परवान्याशिवाय ठेवता येत नाही. वारसानं मिळाली तरी परवान्याचं काम आधी करा.

तेव्हा घासू नका. मऊ कापडाला थोडं तेल लावून पुसा. टॉर्च बाजूनं तिरपा धरा, बुजलेली अक्षरं सावलीत उठून दिसतात. फार पुसट असतील तर खडूची पूड हलकेच चोळा आणि फोटो काढा. मग एका वहीत प्रत्येक खूण कुठे आहे, कशी दिसते ते लिहा आणि ही बंदूक घरात कोणी, कुठून आणली, हे घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला याच आठवड्यात विचारून त्याखाली नोंदवा.